गर्भिणी अपस्मार : चालू औषध, आपले औषध आणि सुरक्षित प्रसूती

अपस्माराची रुग्णा गर्भवती राहिली की घरातील पहिला प्रश्न औषधाविषयी असतो. तो बहुधा न्यूरॉलॉजिस्टला न विचारता आपल्याला, आणि पुष्कळदा आपल्याही आधी औषधी दुकानाच्या काउंटरवर विचारला जातो. "या गोळ्यांनी बाळाला काही होणार नाही ना? काही दिवस बंद ठेवल्या तर चालेल का?" हा प्रश्न साधा वाटतो. आपण त्याचे उत्तर देतो तेव्हा माता व गर्भ या दोन जीवांचा निर्णय करीत असतो, याची जाणीव मात्र आपणास क्वचितच असते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही चिकित्सेपेक्षा सुरक्षिततेचा विचार अधिक केला आहे. वैद्यबंधु-भगिनींनी व औषधी विक्रेत्यांनी तो त्याच दृष्टीने वाचावा, ही विनंती.

प्रारंभी आमच्याच हातून घडलेली एक चूक नमूद करतो. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांतील ही गोष्ट. तेवीस वर्षांची, तीन महिन्यांची गर्भिणी सासूबाईंबरोबर आली. तक्रार छर्दी, अरुचि व अनिद्रा यांची होती. बोलता बोलता सासूबाई म्हणाल्या, "हिला लहानपणी फेफरे यायचे, आता काही नाही." आम्ही नाडी पाहिली, लाजमंड व गर्भिणीस योग्य असे सौम्य कल्प दिले आणि आठ दिवसांनी बोलावले. तिला फेफरे येत नव्हते ते गोळ्या चालू होत्या म्हणून, आणि मासिक पाळी चुकताच "गरम पडतात" असे शेजारणीने सांगितल्यावरून तिने त्या परस्पर बंद केल्या होत्या. हे आम्हाला कळले ते सहाव्या दिवशी, तिला जिल्हा रुग्णालयात हलविल्यानंतर. लागोपाठ आकड्या आल्या होत्या, मधल्या काळात शुद्ध आली नव्हती. मुलगी वाचली. गर्भ राहिला नाही. "सध्या कोणती गोळी घेता व ती शेवटची कधी घेतली?" एवढे एक वाक्य आम्ही विचारले नव्हते. तेव्हापासून आमच्या केसपेपरवर हा प्रश्न छापलेला आहे.

शास्त्रविचार

स्मृतीचा अपगम, तमःप्रवेश व बीभत्स चेष्टा ही अपस्माराची लक्षणे आपण सर्व जाणतो. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायात व सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या एकसष्टाव्या अध्यायात त्याचा विस्तार केला आहे. चिकित्सेचा गाभा आहे तो तीक्ष्ण शोधनाचा. वातजात बस्ती, पित्तजात विरेचन, कफजात वमन, त्यापुढे तीक्ष्ण नस्य, अंजन व धूपन. आता याच्या शेजारी चरक शारीरस्थानाचा आठवा अध्याय ठेवून पाहावा. तेथे गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे, जराही न हिंदकळू देता सांभाळावे असे सांगितले आहे. तिच्या व्याधींवर मृदु, मधुर, शीत व सुखकर उपचार करावेत, वमन, विरेचन, शिरोविरेचन व रक्तमोक्षण करू नये, बस्तीही आत्ययिक अवस्थेवाचून देऊ नये, आणि आत्ययिक विकारात वमनादींची गरज पडलीच तर ती आठव्या महिन्यापासून व मृदु स्वरूपात, अशी मर्यादा आहे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. अपस्मारावरील आपली जी प्रमुख शस्त्रे आहेत, तीच गर्भिणीत शास्त्राने काढून घेतली आहेत. उरते ते शमन, आणि वेग रोखण्यासाठी केवळ शमनावर विसंबणे हा धोका आहे. आधुनिक औषध चालू ठेवण्यास सांगणे म्हणजे आयुर्वेदाचा पराभव, असे काही जणांस वाटते. आम्हास तसे वाटत नाही. भरलेले पात्र न हिंदकळू देणे हीच आज्ञा असेल, तर ते ज्याने स्थिर राहते ते काढून घेणे हा शास्त्रविरोध ठरतो.

एक गोष्ट जाता जाता. त्याच अध्यायातील गर्भोपघातकर भावांमध्ये भांडखोर स्त्रीस अपस्मारी अपत्य होते असे म्हटले आहे. हे वचन घरात सांगण्याचे नव्हे. अपस्मारी सुनेच्या माथी दोष मारण्यास घरातील मंडळी आधीच तयार असतात.

गोळी बंद केल्याने काय साधते?

गर्भाची मज्जारज्जूनलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकून, चाचणी होऊन, घरात चर्चा होऊन रुग्णा आपल्यापर्यंत येते, तेव्हा हा काळ बहुधा संपलेला किंवा संपत आलेला असतो. त्या क्षणी गोळी एकाएकी थांबवून त्या विकृतीपासून फारसे संरक्षण मिळत नाही. वेगाचा धोका मात्र त्याच आठवड्यापासून सुरू होतो. सर्वांगाला येणाऱ्या मोठ्या आकडीत मातेचा श्वास अडतो, प्राणवायू घटतो, गर्भाच्या हृदयाची गती मंदावते, पडल्याने पोटाला मार लागतो व क्वचित वार सुटते. झोपेतील आकडीनंतर अकस्मात मृत्यूही होतात. ब्रिटनमधील मातामृत्यूंच्या चौकशी अहवालांनी याकडे वारंवार लक्ष वेधले आहे.

तथापि सर्व गोळ्या सारख्या नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गर्भिणींची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवणाऱ्या 'युरॅप' या अभ्यासाचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एकच औषध घेणाऱ्या मातांच्या अपत्यांत मोठी जन्मजात विकृती व्हॅल्प्रोएटमध्ये सुमारे १० टक्के, फिनोबार्बिटोन व फेनिटॉइनमध्ये सुमारे साडेसहा टक्के, कार्बामॅझेपीनमध्ये साडेपाच टक्के, तर लॅमोट्रिजिन व लेव्हेटिरासिटॅममध्ये तीन टक्क्यांच्या आत आढळली. कोणतेही औषध न घेणाऱ्या मातांच्या अपत्यांतही दोन ते तीन टक्के विकृती असतातच. व्हॅल्प्रोएटचा धोका मात्रेबरोबर वाढतो. शिवाय त्याने अपत्याच्या बुद्धीवर व वर्तनावरही परिणाम होतो, आणि तो केवळ पहिल्या तिमाहीपुरता मर्यादित नाही.

त्यामुळे व्हॅल्प्रोएट घेणारी तरुणी समोर आली की आपले काम दुहेरी आहे. गर्भवती असल्यास, "गोळी बंद करू नका, पण याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टना दाखवा" असे सांगून स्वतः चिठ्ठी लिहून द्यावी. गर्भवती नसल्यास आत्ताच, लग्न ठरत असतानाच, औषध बदलता येईल का हे विचारण्यास पाठवावे. बदल करण्यास, मात्रा बसविण्यास व वेग आटोक्यात राहतात हे पाहण्यास अनेक महिने लागतात. गर्भधारणेपूर्वी नऊ महिने ते वर्षभर वेग नसले, तर गर्भिणी अवस्थेतही ते न येण्याची शक्यता बरीच अधिक असते. म्हणून पुंसवन, बीजशुद्धी व गर्भाधानपूर्व चिकित्सेसाठी आपल्याकडे येणाऱ्या जोडप्यांत हा प्रश्न विचारणे, हे आपल्याइतके सोयीचे दुसऱ्या कोणासही नाही. फॉलिक ॲसिडही गर्भधारणेपूर्वीच सुरू व्हावे लागते. मात्रा तिच्या डॉक्टरांनी ठरवावी.

येथे एक सामाजिक अडचण येते. आपल्याकडे अपस्मार लपवून लग्ने होतात. मुलगी गोळ्या माहेरी ठेवते, सासरी लपवून घेते, नाहीतर सोडून देते. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतून अपस्मार हा आधार १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला, हे अजूनही पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नाही. अशा रुग्णेची विचारपूस सासूबाईंना बाहेर बसवूनच करावी. आमच्या वरील रुग्णेच्या बाबतीत आम्ही तेही केले नव्हते.

आपली औषधे

हा भाग औषधी विक्रेत्यांनी विशेष काळजीपूर्वक वाचावा. "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" या वाक्याने जेवढे नुकसान झाले आहे तेवढे टीकाकारांनीही आपले केले नसेल.

शंखपुष्पी मेध्य आहे, यात वाद नाही. परंतु मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांत शंखपुष्पीयुक्त सिरप सुरू केल्यावर वेग पुन्हा येऊ लागले. पुढे उंदरांवरील प्रयोगात हे सिरप काही दिवस सतत दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटल्याचे दिसले. उलट पिंपळी व मिरी यांतील पायपरीन फेनिटॉइनचे शोषण वाढविते. एक औषध पातळी खाली नेते, दुसरे वर, आणि रुग्णेला दोन्ही "स्मरणशक्तीसाठी" व "पचनासाठी" म्हणून विकली जातात. गर्भिणी अवस्थेत औषधांची पातळी शरीरबदलांमुळे आधीच खाली येत असते. त्यात आपली भर नको.

वचा तीक्ष्ण, उष्ण व वामक आहे. गर्भिणीत ती आम्ही देत नाही. ती कोठे कोठे दडलेली असते हे मात्र पाहावे लागते. सारस्वतारिष्टात ती आहे, व त्यात संधानजन्य मद्यांशही आहे. गर्भस्थापक म्हणून आपण विश्वासाने देतो त्या फलघृताच्या पाठातही वचा आहे. फलघृतातील तिचे प्रमाण अल्प आहे व कल्पना घृताची आहे, त्यामुळे त्याविषयी मतभेद होऊ शकतो. आमच्यापुरते म्हणाल तर अपस्मारी स्त्रीत आम्ही ते गर्भधारणा निश्चित होईपर्यंतच ठेवतो. स्मृतिसागर रसात पारद, हरताल, मनःशिळा व ताम्र आहेत, भावना वचेची व ब्राह्मीची आहे, आणि ज्योतिष्मती तैलही आहे. अपस्मारात त्याची ख्याती कितीही असो, गर्भिणीत व स्तनपान काळात तो पूर्णतः वर्ज्य समजावा. २०१२ साली अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क शहरातील सहा गर्भिणींत भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक औषधांमुळे शिशाची विषबाधा झाल्याचे प्रसिद्ध केले. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. शोधन-मारण नीट झाले असते तर, हा युक्तिवाद त्या सहा जणींपुढे टिकत नाही.

आता पुड्यांविषयी. फेफऱ्यावरील 'खात्रीची' म्हणून टपालाने येणारी व मेळ्यात विकली जाणारी चूर्णे रुग्ण घेऊन येतात. अशा चूर्णांत फिनोबार्बिटोन मिसळलेले आढळल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. यातील धोका दुहेरी आहे. अज्ञात मात्रेत ते गर्भाला पोहोचते, आणि रुग्णेने पुडी एकदम थांबविली तर निवर्तनामुळे जोराचे वेग येतात. म्हणून अशी पुडी घेणारी गर्भिणी आल्यास, "फेकून द्या" असे म्हणू नये. पुडीसह तिला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. अपस्मार बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने निषिद्ध आहे, हे दुकानात फलक लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. तसेच चालू गोळीचा ब्रँड संपला म्हणून दुसरा ब्रँड स्वतःहून देऊ नये. निदान डॉक्टरांना फोन तरी करावा. एका दिवसाची गोळी चुकणे हे गर्भिणीत क्षुल्लक नसते.

मग आपण करावयाचे काय? पुष्कळ आहे, आणि ते आपणच चांगले करू शकतो. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर ती गोळी पोटात गेलीच नाही. म्हणजे पहिल्या तिमाहीत छर्दीची मृदु चिकित्सा हीच अप्रत्यक्ष अपस्मार चिकित्सा आहे. लाजमंड, थोडे थोडे अन्न, दाडिम, गोळीची वेळ मळमळ कमी असेल तेव्हाची ठरविणे, हे करावे. मासानुमासिक क्षीर-घृत, मलावष्टंभ होऊ न देणे, पादाभ्यंग व झोप यांचा आग्रह धरावा. प्रजागर व उपवास हे वेगाचे ज्ञात हेतू आहेत. नव्या सुनेची मंगळागौर रात्रभर जागविली जाते, हरतालिकेचा उपवास निर्जळी होतो, नवरात्र नऊ दिवसांचे असते. वैद्याने व्रत मोडण्यास सांगितलेले घरातील वडीलधारी मंडळी ऐकतात, असा आमचा अनुभव आहे. डॉक्टरांचे तितके ऐकत नाहीत.

गर्भिणीला आकडी आली तर

प्रथम हे अपस्मारच आहे का, हे पाहावे. वीस आठवड्यांनंतर येणारी प्रत्येक आकडी, रुग्णेस पूर्वीचा अपस्मार असला तरीही, अन्यथा सिद्ध होईपर्यंत गर्भाक्षेपक म्हणजे एक्लॅम्पसिया समजावी. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक, डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, चेहऱ्यावर शोथ, लघवीत प्रथिने, यांचा शोध घ्यावा. हा भेद केवळ नावापुरता नाही. एक्लॅम्पसियात मॅग्नेशियम सल्फेट हे डायझेपाम व फेनिटॉइन या दोहोंहून श्रेष्ठ असल्याचे १९९५ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखविले. अपस्माराच्या वेगात मात्र लोराझेपाम किंवा डायझेपाम लागते. आपल्या दवाखान्यात रक्तदाबयंत्र असते. ते अशा वेळी हाताशी व चालू स्थितीत असावे.

वेग चालू असताना रुग्णेस डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूचे टणक सामान दूर करावे, वेळ घड्याळात पाहावी. दातांत चमचा घालू नये, पाणी पाजू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्याने वेग थांबत नाही, तो आपोआप थांबतो व श्रेय कांद्याला मिळते. बेशुद्ध गर्भिणीत प्रधमन नस्यही करू नये, कारण श्वासमार्गात स्राव जाण्याची भीती असते. पाच मिनिटांत वेग न थांबल्यास, किंवा शुद्ध न येता दुसरा आल्यास १०८ ला फोन करावा. वीस आठवड्यांनंतर मात्र एकच लहान वेग आला तरी रुग्णालयात न्यावे.

प्रसूती व सूतिकावस्था

अपस्मार आहे म्हणून सिझेरियन, असा नियम नाही. बहुसंख्य स्त्रिया नैसर्गिकरीत्या प्रसूत होतात. परंतु घरी वा केवळ सुईणीच्या भरवशावर प्रसूती होऊ नये. केरळमधील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून चालणाऱ्या गर्भिणी-अपस्मार नोंदवहीत, प्रसूतीच्या आगेमागेचे तीन दिवस वेगांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे आढळले. कारणे सरळ आहेत. वेदना, प्रजागर, उपाशी राहणे, आणि गडबडीत राहून गेलेली गोळी. म्हणून प्रसूतीच्या पिशवीत बाळंतविडा ठेवण्यापूर्वी गोळ्यांची पट्टी व शेवटची चिठ्ठी ठेवावी, असे आम्ही प्रत्येक रुग्णेच्या आईला सांगतो. बाळाला व्हिटॅमिन के चे इंजेक्शन मिळाले का, हेही विचारावे.

चरकाचार्यांनी अपस्मारी रुग्णास पाणी, अग्नी, वृक्ष व डोंगर यांपासून जपण्यास सांगितले आहे. आजच्या बाळंतिणीच्या खोलीत या उपदेशाचा अर्थ शेक-शेगडी व न्हाणीघर असा होतो. पेटत्या निखाऱ्यांवर वाकून धुरी घेणे हे या स्त्रीसाठी धोक्याचे आहे. तिला दुसऱ्याने सुती कापडाच्या पोटलीने शेक द्यावा व शेगडी खोलीत ठेवूच नये. आंघोळीच्या वेळी कडी लावू नये. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याचे काम आजीचे असावे. स्तनपान जमिनीवर अंथरूण घालून, भिंतीला टेकून करावे. अंगावर पाजण्यास बहुतेक अपस्मार औषधांत अडचण नाही. फिनोबार्बिटोन चालू असल्यास बाळ फार झोपाळू होते का, दूध ओढते का, इकडे लक्ष ठेवावे. रात्रीचे एखादे पाजणे काढलेल्या दुधावर घरातील दुसऱ्याने सांभाळले, तर तिला सलग चार-पाच तास झोप मिळते.

आपल्याकडे बाळंतिणीस पाणी मोजून देण्याची प्रथा आहे. ती येथे आवर्जून मोडावी. बाळंतपणानंतरच्या दिवसांत तीव्र डोकेदुखी, उलट्या व आकडी अशी लक्षणे आल्यास मेंदूच्या शिरेत रक्त गोठण्याचा विचार करावा. शरीरातील पाणी घटणे हे त्याचे एक कारण आहे. हा अपस्मार नव्हे, वातव्याधी समजून घरी ठेवण्याचा विषय तर मुळीच नव्हे.

शेवटची एक बाब बहुधा निसटते. लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी गर्भिणी अवस्थेत बरीच खाली येते, म्हणून न्यूरॉलॉजिस्ट मात्रा वाढवितात. प्रसूतीनंतर काही दिवसांतच पातळी वर चढते, आणि वाढविलेली मात्रा तशीच राहिली तर औषधच बाधते. अलीकडे आमच्याकडे एक बाळंतीण बाराव्या दिवशी आणली. चक्कर येत होती, चालताना तोल जात होता, एकाची दोन दिसत होती. घरच्यांनी बाळंतवाताचा काढा मागितला. आम्ही केसपेपरवरील छापील प्रश्न विचारला, गोळ्यांची पट्टी पाहिली, आणि काढा न देता न्यूरॉलॉजिस्टना तेथूनच फोन लावला. त्यांनी मात्रा कमी केली. आठवड्याभराने ती स्वतः चालत आली, बाळ तिच्या आईच्या कडेवर होते.